पोस्ट हलवण्याआधी गावाला विचारा



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षे धरणग्रस्तांचे अर्ज लिहिण्यात गेली. म्हणून आजचा माझा विषय पोस्ट असला तरी मी धरणाच्या कायद्यापासून सुरुवात करतो. त्या कायद्यात पोस्टाचा उल्लेख आहे, हे फार जणांना माहीत नसते.

२०१३ साली संसदेने भूसंपादनाचा आणि पुनर्वसनाचा नवा कायदा केला. १ जानेवारी २०१४ पासून तो लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमात प्रकल्पाच्या सामाजिक परिणामांचा अभ्यास सांगितला आहे. गावाच्या कोणकोणत्या गोष्टींवर परिणाम होईल, ते अधिकाऱ्याने बघायचे. रस्ते, पिण्याचे पाणी, गुरांचे पाणी, गायराने, रेशन दुकान, दवाखाना, शाळा, अंगणवाडी, देऊळ, स्मशान अशी यादीच तिथे दिली आहे आणि त्या यादीत टपाल कार्यालय आहे. हा अभ्यास ग्रामपंचायतीशी सल्लामसलत करून व्हावा, पुढच्या कलमाप्रमाणे बाधित गावात जाहीर सुनावणी व्हावी, लोक जे बोलतील ते अहवालात यावे, असा तो कायदा आहे. नव्या गावठाणात काय काय हवे ते तिसऱ्या अनुसूचीत आहे. तिथेही गावपातळीवरचे पोस्ट, तेही बचत खाते उघडण्याच्या सोयीसह, असे नमूद केले आहे.

या कलमांप्रमाणे गावाची जमीन घ्यायची असेल, तर गावाच्या पोस्टाचे काय होणार हा प्रश्न सरकारला गावापुढे ठेवावा लागतो. ही फार मोलाची गोष्ट आहे. कोयना धरण झाले तेव्हा असा कायदा नव्हता. १८९४च्या कायद्याने जमीन गेली आणि माणसे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशी चार दिशांना गेली. पाटण-जावळीच्या खोऱ्यातले एक घर एका तालुक्यात, त्याच भावकीतले दुसरे भलत्याच जिल्ह्यात. पत्ता बदलला आणि जुन्या पत्त्यावर आलेले पत्र कुठे न्यायचे हे सांगायला जुने गावही उरले नाही. महाराष्ट्राने पुनर्वसनाचा पहिला कायदा केला तो १९७६ साली. वारणेच्या काठाने चांदोलीतून उठलेल्या गावांना तो लढून वापरावा लागला.

आता दुसरी बाजू बघा. जमीन जागच्या जागी आहे, गाव जागच्या जागी आहे. फक्त पोस्ट उचलले आणि शेजारच्या गावात नेले. किंवा दोन पोस्टांचे एक केले. किंवा वाडीने वर्षानुवर्षे मागूनही दिले नाही. अशा वेळी गावाला विचारलेच पाहिजे असे बंधन कोणत्या कायद्यात आहे? १८९८च्या टपाल कायद्यात नव्हते. सव्वाशे वर्षे चाललेला तो कायदा जाऊन त्याच्या जागी पोस्ट ऑफिस कायदा, २०२३ आला, त्यातही नाही.

हा नवा कायदा १० ऑगस्ट २०२३ रोजी राज्यसभेत विधेयक म्हणून मांडला गेला, डिसेंबरात दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि १८ जून २०२४ पासून अमलात आला. चर्चेचा मोठा भाग एकाच मुद्द्याभोवती फिरला. सरकारला आपले टपाल अडवून उघडता येईल का, आणि आले तर कोणत्या कारणाने? तो मुद्दा महत्त्वाचा होता, नागरिकांनी त्याची काळजी केलीच पाहिजे. पण पत्र उघडले जाण्याआधी ते पोचावे लागते. पोस्ट कुठे असावे, कोणी ठरवावे, कोणाला विचारून ठरवावे, या प्रश्नांवर कायदा काहीच बोलत नाही. सव्वाशे वर्षांनी एकदा कायदा नव्याने लिहायची संधी आली आणि गावाचा शब्द त्यात घालायचा राहून गेला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याचे मूळ आपल्या राज्यघटनेच्या रचनेत आहे. टपाल हा विषय संघसूचीतला, ३१व्या क्रमांकाचा. पोस्टाची बचत बँक ३९व्या क्रमांकाची. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय दिले. त्यांत शेती आहे, पाणी आहे, रस्ते आहेत, वाचनालयेसुद्धा आहेत. टपाल नाही. त्यामुळे झेडपी, पंचायत समिती, ग्रामपंचायत ही सगळी व्यवस्था पोस्टाच्या दारापर्यंत येऊन थांबते. देवराष्ट्र्यात जन्मलेल्या आणि कऱ्हाडात वाढलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत, १ मे १९६२ रोजी, महाराष्ट्रात पंचायत राज सुरू झाले. ज्या भूमीतून यशवंतराव पुढे आले, त्या भूमीतल्या सरपंचाला आपल्या गावचे पोस्ट हलणार आहे हे कधीकधी पोस्टमनकडून कळते.

मग पोस्ट ठरते कसे? खात्याचे निकष आहेत आणि ते मनमानी नाहीत, हे आधी सांगतो. साध्या भागात शाखा डाकघर उघडायचे तर गावांच्या गटाची लोकसंख्या किमान ३,००० हवी. डोंगराळ, आदिवासी, वाळवंटी किंवा दुर्गम भागात एकट्या गावाची ५०० किंवा गटाची १,००० पुरते. जवळच्या पोस्टापासून अंतर ३ किलोमीटर हवे. डोंगरात ही अट सैल करता येते. आणि अपेक्षित उत्पन्न खर्चाच्या किमान एक तृतीयांश हवे, डोंगराळ वगैरे भागात १५ टक्के. या निकषांत एक मोठा चांगुलपणा दडलेला आहे. गावचे पोस्ट नफ्यात चालणार नाही हे खात्याने आधीच मान्य केले आहे. शंभर रुपये खर्चून पंधरा रुपये मिळाले तरी चालतील, असे म्हणणारी खाती आता फार उरली नाहीत. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात २३,३४४ पोस्टे होती. आज ती एक लाख साठ हजारांहून अधिक आहेत आणि त्यांतली दहांतली नऊ खेड्यांत आहेत. ज्या खात्याने हे करून दाखवले, त्याच्याबद्दल मला आदर आहे. म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षाही जास्त आहे.

निकष आकड्यांचे आहेत, आणि सातारा व सांगली हे आपले दोन जिल्हे आकड्यांत बसत नाहीत. कांदाटी खोऱ्याचे बघा. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या काठाला ती गावे आहेत. तापोळ्याकडून, बामणोलीकडून लाँचने जावे लागते. काठावर उभे राहिले की समोरची वाडी दिसते, घरांची कौले मोजता येतात. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर दोन-अडीच किलोमीटर भरेल. पण मधे पाणी आहे, आणि रस्त्याने जायचे तर डोंगराला वळसे घालत अर्धा दिवस जातो. पावसाळ्यात धुके उतरले, वारा सुटला, की लाँचचाही भरवसा नाही. अंतराची अट सैल करता येते, पण ती कधी करावी हे कळायला त्या काठावर राहणाऱ्या माणसाचे ऐकावे लागते. आषाढात औषधाचे पार्सल किती दिवसांनी आले, हे तिथली म्हातारी सांगू शकेल. पुण्याच्या कार्यालयातली फाईल सांगू शकणार नाही.

दुसरे टोक जतचे. सांगली जिल्ह्यातला हा सगळ्यात मोठा तालुका, कर्नाटकाच्या हद्दीला लागलेला, अनेक गावांत घरची भाषा कन्नड. आटपाडी, माण, खटाव हे याच जातीचे तालुके. इथे गावठाणात थोडी घरे आणि बाकीची माणसे मळ्यांत, वस्त्यांवर पांगलेली. गावाची लोकसंख्या कागदावर भरपूर दिसते, पण ती पाच-सात किलोमीटरच्या पसाऱ्यात असते. ती गावे डोंगराळ नाहीत, आदिवासी नाहीत, वाळवंटीही नाहीत. दुष्काळी असा वर्ग त्या निकषांत नाही. मग ३,००० लोकसंख्येची आणि एक तृतीयांश उत्पन्नाची अट त्यांना लागू होते. पोस्ट वेशीतल्या चावडीजवळ असावे की चार वस्त्यांच्या तिठ्यावर, हे कोणत्याही परिपत्रकातून ठरवता येणार नाही. ते तिथल्या लोकांना बसवून विचारले तर तासाभरात ठरेल. भांडण झाले तर दोन तासांत ठरेल.

आणि एक गोष्ट शहरातल्या श्रोत्यांना बहुधा माहीत नसेल. शाखा डाकघराला सहसा खात्याची स्वतःची इमारत नसते. जागा शाखा पोस्टमास्तरने द्यायची असते. ग्रामीण डाक सेवक म्हणून त्याची किंवा तिची नेमणूक होते, चार-पाच तासांचे काम असते आणि कार्यालयाला खोली स्वतः बघायची. पूर्वी हा माणूस गावातलाच, बहुतेक वेळा शिक्षक किंवा दुकानदार. त्याच्या ओसरीवर पोस्ट चाले. आता भरती ऑनलाइन होते, दहावीच्या गुणांवर, राज्यभरातून. ही पद्धत वशिला तोडणारी आहे, मी तिच्या बाजूचा आहे. परभणी-नांदेडची एखादी मुलगी शिराळ्याच्या डोंगरात येऊन राहते आणि इमानाने पोस्ट चालवते, याचे कौतुकच केले पाहिजे. पण धरून चला, जुने पोस्टमास्तर निवृत्त झाले, नवीन मुलीला गावठाणात खोली मिळाली नाही, मिळाली ती फाट्यावर, डांबरी रस्त्याच्या कडेला. पोस्ट फाट्यावर गेले. कोणाचाच दोष नाही. कागदावर गाव तेच, पिनकोड तोच, म्हणून कागदावर काही बदललेही नाही. पण गावठाणातल्या निराधार बाईला दर महिन्याला दीड मैल चालावे लागते. खोलीचा प्रश्न त्याआधी ग्रामसभेत आला असता, तर समाजमंदिराची एक खोली, जुन्या शाळेची एक वर्गखोली, काहीतरी निघाले असते. ग्रामपंचायती खोली द्यायला तयार असतात, मागणारा कोणी हवा असतो.

सीमारेषांचेही असेच. इस्लामपूरचा पिनकोड ४१५४०९, शिराळ्याचा ४१५४०८, विट्याचा ४१५३११. हे तिन्ही सांगली जिल्ह्यात, पण आकडे सुरू होतात साताऱ्यासारखे ४१५ने. सांगली-मिरजेचे ४१६ने. टपाल खात्याच्या कारभारात सातारा आणि कऱ्हाड हे विभाग पुण्याच्या पोस्टमास्तर जनरलकडे येतात, सांगली विभाग गोवा क्षेत्रात, म्हणजे पणजीकडे. सातारा आणि सांगली १९४९पर्यंत एकच जिल्हा होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. कृष्णा दोन्हीकडून तीच वाहते. टपालाच्या वाटेने आखलेल्या रेषा जिल्ह्याच्या रेषांशी जुळल्याच पाहिजेत असा माझा आग्रह नाही. पण वाळव्याच्या शेतकऱ्याला पोस्टाबद्दल गाऱ्हाणे न्यायचे तर शेवटचा दरवाजा पणजीत आहे, हे त्याला कोणी कधी सांगितले नाही.

आणखी एक उलटी गोष्ट सांगतो. गावाचे नाव बदलायचे ठरले की केंद्रीय गृहमंत्रालय रेल्वेला विचारते, सर्व्हे ऑफ इंडियाला विचारते आणि टपाल खात्याला विचारते. त्यांची हरकत नसली तरच पुढे जाते. ही रीत बरोबर आहे, सारख्या नावांची दोन गावे झाली तर पत्रांचा घोळ होईल. गाव स्वतःचे नाव बदलताना टपाल खात्याची संमती घेते. टपाल खाते गावचे पोस्ट बदलताना गावाची घेत नाही. हे दोन्हीकडून सारखे व्हावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

कोणी म्हणेल, पत्रे आता लिहितो कोण? तार जुलै २०१३मध्ये बंद झाली. रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात मिसळले. मग पोस्टाच्या जागेवरून एवढी चर्चा कशाला?

या दोन जिल्ह्यांना पोस्टाचा अर्थ समजवावा लागत नाही. इथली शेती पोटाला पुरत नव्हती, म्हणून इथला माणूस बाहेर गेला. पाटण, जावळी, खटावचा गिरणीत गेला, परळ-लालबागला खोलीत दहा जणांत राहिला आणि दर महिन्याला मनीऑर्डर पाठवत राहिला. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, त्याचा पहिला धक्का गावाकडच्या चुलीला बसला, आणि तो मनीऑर्डर न येण्याच्या रूपाने बसला. अपशिंग्यासारख्या गावांतले जवान पहिल्या महायुद्धापासून सैन्यात आहेत, त्यांचे पेन्शन, त्यांची खुशाली पोस्टाने आली. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळकडचे गलाई कारागीर सोन्या-चांदीचा धंदा घेऊन केरळपासून दिल्लीपर्यंत पोचले. विट्याच्या परिसरात घर आणि कोइमतूरला भट्टी, अशी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पोस्टाने जोडलेली राहिली. कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिथे छापलेली ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ ही मासिके महाराष्ट्रभर घरोघर गेली तीही टपालानेच. वाचणाऱ्या बाईपर्यंत नवा विचार पोचवणारी ती वाट होती.

आज पत्रे कमी झाली, पण पोस्टाच्या दारात उभी राहणारी माणसे कमी झालेली नाहीत, बदलली आहेत. मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धीचे खाते, आवर्ती ठेव, विमा, आधारला जोडलेले पेमेंट्स बँकेचे खाते, रोजगार हमीची मजुरी. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा राज्यभरच्या बायकांनी पोस्टात खाती उघडली. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट बायका दारोदार जाऊन बचत गोळा करतात आणि पोस्टात भरतात. गावातल्या पोस्टावर आज सर्वांत जास्त विसंबून आहेत त्या बाया. ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे त्यांना पोस्ट तीन किलोमीटर लांब गेल्याचा पत्ताही लागत नाही. ज्यांना चालावे लागते त्यांना लागतो. म्हणून विचारायचे तर त्यांना आधी विचारले पाहिजे, आणि आपल्या ग्रामपंचायत कायद्यात त्याची सोयही आहे, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते.

असे विचारणे आपल्याकडे नवे नाही. औंध संस्थानाची आठवण करून देतो. साताऱ्यातले औंध, सांगलीतले आटपाडी आणि कुंडल, असे तुकड्यातुकड्यांचे, ७२ गावांचे ते राज्य. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता प्रजेकडे सोपवायची ठरवली, गांधीजींशी सल्लामसलत झाली आणि १९३९ साली स्वराज्याची राज्यघटना आली. गावाने पाच पंच निवडायचे, गावचे व्यवहार आणि बरेचसे न्यायदान पंचांनी गावातच करायचे. नऊ वर्षांत संस्थान विलीन झाले. पण ती राज्यघटना आल्यावर चारच वर्षांनी याच मुलखात प्रतिसरकार उभे राहिले आणि त्यानेही निवाडे गावात, लोकांसमोर केले. ब्रिटिशांचे टपाल आणि तारा हे त्या चळवळीचे लक्ष्य होते, हेही खरे. ते खाते परक्यांचे होते. आज ते आपले आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी आपण ठरावाने बोलायचे आहे.

जवळचे उदाहरण हवे असेल तर जावळीचे घ्या. राज्यात दारूदुकान बंद करण्यासाठी मतदानाची पद्धत आहे. ठरावीक प्रमाणात महिला मतदारांनी सह्या केल्या की मतदान होते, उभी बाटली की आडवी बाटली, आणि आडवीला निम्म्याहून अधिक मते पडली की दुकान बंद. जावळी तालुक्यातल्या बायकांनी ही पद्धत वापरून गावोगावची दुकाने बंद करून दाखवली. तिथे सह्यांची पडताळणी झाली, तारीख लागली, मतमोजणी झाली, निकालाचा कागद निघाला. एका सोयीची किंवा गैरसोयीची जागा ठरवण्यात गावाचा शब्द कसा घ्यायचा, याची पूर्ण कार्यपद्धती साताऱ्याच्या डोंगरात अमलात आलेली आहे. पोस्टासाठी मला मतदान नको आहे. पण विचारणे अवघड आहे, असे कोणी म्हणू नये.

परदेशांत काय केले आहे तेही थोडे सांगतो, कारण तिथल्या चुका आपल्याला टाळता येतील. अमेरिकेत १९७६पासून कायदा आहे. पोस्ट बंद करायचे किंवा दुसऱ्यात मिसळायचे तर ६० दिवस आधी लोकांना नोटीस, गावावर काय परिणाम होईल याचा विचार, कारणांसह लेखी निर्णय, आणि गावातल्या कोणालाही ३० दिवसांत नियामक आयोगाकडे अपील. आयोगाने १२० दिवसांत निकाल द्यायचा. निव्वळ तोट्यात आहे म्हणून छोटे पोस्ट बंद करू नये, असेही तिथल्या टपाल कायद्यात लिहिले आहे. पण त्यात एक फट राहिली. बंद करण्याला हे सगळे लागू, हलवण्याला नाही. शहराच्या मध्यावरचे पोस्ट उचलून हमरस्त्याला नेले तर ते स्थलांतर ठरे. ती फट बुजवण्यासाठी अर्ल ब्लूमेनॉअर या ओरेगॉनच्या प्रतिनिधीने आणि इतरांनी विधेयक आणले, पुन्हापुन्हा आणले, ते मंजूर झाले नाही. मात्र त्या दबावाने टपाल सेवेने स्वतःच्या नियमांत लोकांना आधी कळवण्याची आणि सभा घेण्याची तरतूद केली. २०११ साली तिथे सुमारे ३,७०० पोस्टे बंद करण्याचा विचार पुढे आला. गावोगाव विरोध झाला आणि पुढच्या वर्षी वेगळा मार्ग निघाला, सुमारे १३,००० छोट्या पोस्टांचे तास कमी करायचे पण दार उघडे ठेवायचे. लोकांना विचारले की हो आणि नाही यांच्या मधलाही एक रस्ता निघतो, हे यातून दिसते.

ब्रिटनने २००७ ते २००९ या काळात सुमारे अडीच हजार पोस्टे बंद केली आणि प्रत्येक भागात सहा आठवडे लोकांचे म्हणणे घेतले. ऐकायला चांगले वाटते. पण किती बंद करायची हा आकडा आधीच ठरला होता, लोकांना फक्त कोणते हे विचारले गेले. एक वाचवायचे तर शेजारचे गमवायचे. अशी सल्लामसलत गावांना एकमेकांविरुद्ध उभी करते. आपल्याकडे असे होऊ नये. कॅनडाच्या २००९च्या टपाल सनदेत बंद करण्याबरोबर हलवण्याचाही उल्लेख आहे, निर्णयाआधी किमान महिनाभर लोकांना भेटायचे. मला त्यातल्या त्यात हे जास्त जवळचे वाटते.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण टपाल खात्यातले काही निवृत्त अधिकारी समोर बसले आहेत आणि त्यांचा अनुभव मोठा आहे. पहिला आक्षेप गटातटांचा. ग्रामसभेत विचारले की पोस्ट सत्ताधारी गटाच्या आळीत जाईल. हा धोका खरा आहे, मी तो नाकारत नाही. दलित वस्तीचा, धनगर वाड्याचा शब्द ग्रामसभेत दबतो हेही मी पाहिले आहे. यावर उपाय म्हणजे निर्णयाचा अधिकार ग्रामसभेला न देता तिचे म्हणणे नोंदवणे बंधनकारक करणे, आणि त्याखेरीज लेखी हरकती थेट अधीक्षकांकडे घेणे. निर्णय खात्यानेच घ्यावा. पण कारणे लिहून घ्यावा, आणि हरकतींना त्यात उत्तर असावे.

दुसरा आक्षेप असा, की गाव कधीच हलवू देणार नाही. मला उलटा अनुभव येईल असे वाटते. २००५, २०१९, २०२१ या सालांत कृष्णेच्या महापुराने काठावरची गावे बुडाली. २०१९ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळची बोट उलटली, ते अजून कोणी विसरलेले नाही. अशा गावांत पोस्ट पूररेषेच्या वर न्या, अशी मागणी गावच करेल. २०२१च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या आणि अख्ख्या वस्त्या हलवण्याचा प्रश्न उभा राहिला. आपत्तीने उठलेल्या गावाला भूसंपादनाच्या कायद्यातली ती सुनावणी आणि ती अनुसूची आपोआप मिळत नाही. तिथे तर पोस्टाबद्दल विचारण्याची गरज अधिक आहे. काही ठिकाणी दोन पोस्टांचे एक करणे शहाणपणाचे असेल, तेही मी मान्य करतो. एका गावाच्या दोन टोकांना, हाकेच्या अंतरावर दोन पोस्टे पूर्वीच्या काळी झाली असतील, तर त्यातले एक वस्तीवर हलवावे. पण हे पटवून द्यावे.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि त्यात मला दम दिसत नाही. चावडीवर एक नोटीस, एक ग्रामसभा, एक लेखी आदेश. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभा तशाही होतात.

यासाठी संसदेत नवे विधेयक आणायची वाट पाहायला नको. २०२३च्या कायद्याखाली केंद्र सरकारला नियम आणि टपाल महासंचालकांना विनियम करता येतात. त्यांत एवढेच यावे: पोस्ट उघडणे, बंद करणे, मिसळणे किंवा गावातल्या गावात पाचशे मीटरच्या पलीकडे हलवणे यांपैकी काहीही करायचे तर ६० दिवस आधी चावडीवर, पोस्टात आणि शाळेच्या फलकावर मराठीत नोटीस लागावी, जतच्या पूर्व भागात ती कन्नडमध्येही लागावी. महिला सभेचे आणि ग्रामसभेचे म्हणणे मागवावे. अंतर पायवाटेने आणि एसटीच्या वाटेने मोजावे. निर्णय कारणांसह लेखी असावा, आणि त्यावर ३० दिवसांत पोस्टमास्तर जनरलांकडे अपील करता यावे. वाडीने पोस्ट मागितले आणि नाकारले, तर नाकारण्यालाही हेच लागू व्हावे.

आणि ते होईपर्यंत हातात काय आहे? माहितीचा अधिकार कायदा, २००५ आहे. त्याच्या चौथ्या कलमात म्हटले आहे की ज्या निर्णयाचा लोकांवर परिणाम होतो त्याची सर्व संबंधित माहिती निर्णय जाहीर करताना प्रसिद्ध करावी, आणि बाधितांना निर्णयाची कारणे द्यावीत. धोरण ठरवताना लोकांशी सल्लामसलत करायची कोणती व्यवस्था आहे, तेही प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचे असते. हा कायदा टपाल खात्याला पूर्णपणे लागू आहे. तुमच्या गावचे पोस्ट गेल्या दहा वर्षांत हलले असेल तर सातारा, कऱ्हाड किंवा सांगलीच्या डाक अधीक्षकांकडे कारणे मागा. पोस्ट मागूनही मिळाले नसेल तर तुमच्या गावाचे अंतर आणि अपेक्षित उत्पन्न कसे मोजले, तो तक्ता मागा. तिमाहीला डाक अदालत भरते, तिथेही जा.

येत्या ग्रामसभेत ठराव करा. ठरावात नुसते ‘पोस्ट मिळावे’ असे लिहू नका. कोणत्या वस्तीपासून चालायला किती वेळ लागतो, पावसाळ्यात कोणता ओढा अडवतो, किती जणींची खाती आहेत, ग्रामपंचायत कोणती खोली द्यायला तयार आहे आणि तिला वीज व मोबाइलची रेंज आहे का, हे सगळे लिहा. महिला सभेचा ठराव वेगळा जोडा. एक प्रत अधीक्षकांना द्या, एक पुण्याच्या किंवा पणजीच्या पोस्टमास्तर जनरलना आणि एक तुमच्या खासदारांना. खासदारांची प्रत चुकवू नका. या कायद्याखालचे नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात, आणि त्यांत दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे.